अव्वाच्या उपासाएवढा डोंगर

आमच्या आडत दुकानात पोत्यांचा मोठा काटा होता, आणि गादीशेजारी नमुन्याचं धान्य तोलायचा एक छोटा तराजू. दर उन्हाळ्यात माझे धाकटे दीर, रेवणभावजी, त्या छोट्या तराजूवर भलतंच काही मांडून बसत. लोकरीचा मोजा, दोरीचं वेटोळं, कानटोपी, अर्धी दांडी कापून टाकलेला दात घासायचा ब्रश. आमचे हे, म्हणजे त्यांचे थोरले भाऊ ईश्वरप्पा, गादीवरूनच विचारायचे, "काय भाव लावायचा रे मोज्याला? खडे-माती धरून का निवडून?"

"अण्णा, अजून पाव किलो कमी व्हायला पाहिजे."

"मग एक पाय हितंच ठिवून जा."

भावजी हसत नसत. पिशवीच्या आतला जादा कप्पा उसवत, नकाशाच्या कोऱ्या कडा कातरीनं कापत, ताटलीऐवजी डब्याचं झाकण घेत, आणि पुन्हा तोलत. गळ्यातलं इष्टलिंग तेवढं त्यांनी कधी तराजूत घातलं नाही.

वयानं ते माझ्याहून लहान, पण दीर तो दीर, म्हणून मी अहो-जाहोच करते. उदगिरात त्यांना ओळखतात ते मोजणी खात्यातले सर्व्हेअर म्हणून. कुणाच्या बांधावरून भांडण लागलं की साखळी घेऊन येणारा काटकुळा माणूस. पण मुंबई-पुण्याच्या डोंगर चढणाऱ्या मंडळींत त्यांचं नाव वेगळ्या कारणानं घेतलं जाई. तेव्हा हिमालयात जायचं म्हणजे वरातच निघायची. चाळीस-पन्नास हमाल, आठ-दहा तंबू, आणि तीन-तीन आठवडे दोर बांधत वर सरकायचं. आमचे भावजी दोघंच जात. दोन माणसं, एक दोर, पाठीला शाळकरी पोराच्या दप्तराएवढी पिशवी. वर जाऊन खाली यायला चार दिवस.

एकदा लातूरला त्यांचा सत्कार झाला. मुंबईचे एक गृहस्थ भाषणात म्हणाले, "ही पद्धत युरोपातली. आपल्याकडे ती कुणी करत नाही. रेवणप्पा, तुम्ही हे कुणाचं पाहून उचललंत?"

भावजी उठले आणि म्हणाले, "घरी जरा घाई असते."

सगळा हॉल हसला. त्यांना तो विनय वाटला. मी काही हसले नाही, कारण घाई कसली ते मला ठाऊक होतं. ते डोंगरावर असले की त्यांची आई, आमच्या सासूबाई गुरम्मा, ज्यांना आम्ही सगळे अव्वा म्हणत असू, घरी उपाशी असायच्या.

त्याची सुरुवात बहात्तरच्या दुष्काळातली. मी नांदेडहून बीए होऊन, लग्न होऊन उदगिरात आले त्याला वर्षच झालं होतं. आमच्या शेतातल्या विहिरीला साठ फुटांवर एका कोपऱ्यात बारीक झरा तेवढा उरला होता, तासाला घागरभर पाणी देणारा. दुसरी माणसं तिथं उतरायची ती बादल्या, पहार, जाड दोर असला सगळा संसार घेऊन, आणि तळाशी पोचेपर्यंतच दमून जायची. सतरा वर्षांचे भावजी लंगोट लावून एक वाटी घेऊन उतरत. घागर वरून सोडलेली असे. वाटीवाटीनं ती भरायची, हाक मारायची आणि भिंतीच्या खोबणींत बोटं घालून वर यायचं.

अव्वा विहिरीच्या काठावर बसून असत. मे महिन्याचं ऊन. पहिल्याच दिवशी त्यांनी खाली ओरडून सांगितलं, "रेवण्या, तुझा पाय वर लागंपर्यंत माझ्या तोंडात पाणी न्हाई, सांगून ठिवते!"

"अगं, मग तू घरी तर बस!"

"घरी बसून तरी काय पाणी पिणार हाय?"

त्यामुळं भावजी भराभर वर येत. एकदा मला म्हणाले, "वैनी, विहीर लई वंगाळ. आधी उतरायचं, आन् दमल्यावर चढायचं. म्हणून उतरतानाच अर्धी ताकद बांधून ठिवावी लागती."

पुढं कॉलेजात एनसीसीतून त्यांना डोंगर चढायच्या शिक्षणाला उत्तरेत पाठवलं. आमच्या उदगिराच्या किल्ल्याखेरीज ज्यानं उंच काही पाहिलं नव्हतं, तो माणूस तिथून वेगळाच होऊन आला. जेवताना ताटाकडे बघत नसे. मोजणी खात्यात नोकरी लागली आणि शहात्तर साली एका मोठ्या मोहिमेत त्यांना बोलावणं आलं. तीच ती वरात, हमालांची.

अव्वांनी एवढंच विचारलं, "चढायला कवा लागणार?" भावजींनी तारीख सांगितली. त्या तारखेला सकाळी लिंगपूजा झाल्यावर अव्वांनी ताट मागे सारलं. "लेकरू उतरल्याची तार येऊ दे. तवर अन्न न्हाई." सकाळी कपभर दूध, संध्याकाळी कपभर दूध. मला वाटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे.

ती मोहीम एकवीस दिवस चालली.

भावजी आले तेव्हा अव्वा दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. चोळीच्या बाह्या दंडावरून लोंबत होत्या. भावजींनी पाठीवरची पिशवी खाली ठेवली आणि आधी आईचा दंड धरून पाहिला.

"अव्वा, तू जेवत जा."

"तू जात जाऊ नगंस."

"ते न्हाई जमायचं."

"मग हे बी न्हाई जमायचं. लेकरू तिकडं बर्फात अर्ध्यापोटी, आन् मी हितं भाकरी मोडू?"

आवाज कुणीच चढवला नाही. आमच्या घरात भांडणं अशीच होतात. थोड्या वेळानं भावजी स्वयंपाकघरात माझ्यासमोर येऊन बसले. म्हणाले, "वैनी, खरं सांगा. अव्वा दुधावर किती दिवस राहू शकती, तब्येत न बिघडता?"

मी विचार करून म्हटलं, "पाच. पाच दिवस मी सांभाळते. त्यापुढचं मला सांगता येणार नाही."

त्यांनी खिशातली मोजणीची वही काढली आणि कोऱ्या पानावर 'पाच' लिहिलं. त्यानंतर ते कुठल्याच मोठ्या मोहिमेत गेले नाहीत.

आता पाच दिवसांत मावेल असा डोंगर शोधायचा, तर त्याची रीत त्यांनी स्वतःच बसवली. नकाशा पसरायचे आणि शिखराच्या आधी तार-ऑफिस शोधायचे. पायथ्यापासून एका दिवसाच्या चालीत तार-ऑफिस असेल तरच ते शिखर आपलं. दोन दिवस चढायला, एक उतरायला, एक चालायला, एक हाताशी. जोडीला देगलूरचे व्यंकटी मास्तर मिळाले, शाळेत ड्रिल शिकवणारे. उंच, हसरे, घरी तेलुगू बोलणारे. ते मला 'वदिना', म्हणजे वहिनी, म्हणत. खाण्याचं माझ्याकडे. ज्वारीच्या लाह्यांचं पीठ, त्यात गूळ आणि शेंगदाण्याचा कूट. शिजवायला नको, वजनाला जड नाही, आणि थंडीत गोठत नाही.

सत्त्याहत्तर ते एक्याऐंशी, दर वर्षी एक शिखर. सगळी सहा हजार मीटरच्या आसपासची. एका शिखराला त्याआधी तीन मोठ्या मोहिमा हात टेकून गेल्या होत्या. हे दोघं जाऊन आले आणि खालच्या गावात लोकांना वाटलं, अर्ध्यातूनच परत फिरले असतील. आणि दर वर्षी पाचव्या दिवशी पोस्टमन तार आणून देई. एकच शब्द, 'उतरलो'. मी तो वाचला की अव्वा उठून हातपाय धूत आणि पाटावर बसत. भाकरीचा पहिला तुकडा मोडायला त्यांना दोनदा जोर लावावा लागे, ते मी पाहत असे आणि न पाहिल्यासारखं करत असे.

एक्याऐंशी साली मात्र दोन गोष्टी झाल्या. चौथ्या दिवशी अव्वा न्हाणीघरात चक्कर येऊन पडल्या. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "पासष्टी उलटली आहे. साखर आहे. हे उपास बंद करा, नाहीतर एखाद्या वर्षी जड जाईल."

दुसरी गोष्ट व्यंकटी मास्तरांनी सांगितली. परतल्यावर ते एक दिवस आमच्याकडे राहिले होते. भावजी अंघोळीला गेल्याचं पाहून म्हणाले, "वदिना, एक सांगतो, रागावू नका. या वेळी उतरताना ऊन कललं, बर्फ काचेसारखं झालं. मी म्हणलं, हितंच खोदून बसू, सकाळी उतरू. हा ऐकायलाच तयार न्हाई. म्हणला, अव्वा उपाशी हाय. निघाला. पन्नास फूट घसरत गेला, ओ. हातातली बर्फाची कुऱ्हाड रुतली म्हणून थांबला. दोघांच्या कंबरेला एकच दोर होता."

मी विचारलं, "घरी सांगितलं नाही ते?"

"मलाबी शपथ घातलीय. तुम्ही आता ऐकलंच न्हाई समजा."

मी ऐकलं होतं. अव्वांना वाटायचं, आपल्या उपासानं पोराला खाली आणलं. आणि तोच उपास त्याला मागून ढकलत होता. हे त्या माउलीला कोणत्या तोंडानं सांगायचं? वर्षभर मी ते पोटात ठेवलं.

ब्याऐंशीचा उन्हाळा आला. उस्मानाबादेतून तोडून लातूर जिल्हा वेगळा व्हायचं ऑगस्टात ठरलं होतं आणि मोजणी खात्यात नकाशांचे ढीग लागले होते. साहेबांनी भावजींना रजा दिली ती एका अटीवर, एक ऑगस्टला टेबलावर हजर. पाऊस रुसलेलाच होता. जुलै उजाडला तरी मुगाची पेरणी अडली होती. या वेळचं शिखर लाहूलच्या बाजूचं, नाव नसलेलं. नकाशात नुसता उंचीचा आकडा. भावजींनी दोन वर्षं त्याच्यावर डोळा ठेवला होता.

निघायच्या आदल्या दिवशी मी लाह्यांचं पीठ बांधत होते. ते समोर बसून पुड्या तोलत होते. मी म्हटलं, "भावजी, मागच्या साली पन्नास फूट घसरलात ना?"

त्यांनी पुडी खाली ठेवली. "व्यंकटीच्या पोटात काही राहत न्हाई."

"राहू दे त्याचं. मी काय सांगते ते ऐका. तुम्ही चढायला लागल्यापासून पाचव्या दिवशी, दुपारी बारा वाजता, अव्वा जेवतील. तार येवो न येवो. हा माझा शब्द."

"अव्वा ऐकणार न्हाई वैनी."

"ते माझ्यावर सोडा. तुम्ही तिथं घड्याळात बघा. पाचव्या दिवशी बारा वाजून गेले की या घरात कुणी उपाशी नाही. त्यानंतर बसावं वाटलं तर बसा. उतरावं वाटलं तर उतरा. पण आईच्या भुकेसाठी उतरू नका."

त्यांनी पुडी पुन्हा तराजूत ठेवली. मग म्हणाले, "न्हाई जमलं तर?"

"जमेल."

शब्द देऊन बसले, आणि ते गाडीत बसल्यापासून मी कॅलेंडरावर बोट ठेवून दिवस मोजायला लागले.

ठरल्या तारखेला अव्वांनी ताट मागे सारलं. पहिला दिवस, दुसरा, तिसरा. चौथ्या दिवशी त्या भिंतीला टेकूनच होत्या, ओठ पांढरे. मी मठात मडिवाळय्या स्वामींकडे गेले. आमच्यात जंगमानं, म्हणजे गुरूनं, दिलेला प्रसाद नाकारत नाहीत आणि पानात टाकतही नाहीत. अव्वांनी आयुष्यात कधी ते मोडलं नव्हतं. मी म्हटलं, "अय्या, उद्या दुपारी आमच्याकडे जेवायला या. हुग्गी करते. अव्वांना तुमच्या हातानं प्रसाद द्या."

हुग्गी म्हणजे गव्हाची गूळ घातलेली खीर. स्वामी जुने माणूस. लगेच ओळखलं. "सूनबाई, प्रसाद म्हंजी काय उंदराचा पिंजरा हाय का?"

मी खाली मान घालून सगळं सांगितलं. घसरल्याचं, दिलेल्या शब्दाचं.

ते म्हणाले, "मी येतो. प्रसाद बी देतो. पण म्हातारीनं इचारलं तर खोटं बोलणार न्हाई. तूबी बोलू नगंस."

पाचव्या दिवशी बारा वाजले तरी स्वामींचा पत्ता नाही. वाटेत कुणाच्या तरी घरी अडकले होते. ते येईपर्यंत मी चुलीवरची हुग्गी ढवळत दाराकडे बघत होते. ते आले, त्यांची पूजा झाली, जेवण झालं. मग त्यांनी वाटीतली हुग्गी अव्वांच्या हातावर ठेवली.

अव्वांनी हाताकडे बघितलं. मग माझ्याकडे. "अय्या, मी नेमात हाय."

"कुणासाठी नेम, गुरम्मा?"

"लेकरासाठी."

"मग लेकरू काय म्हणून गेलंय ते सुनेला इचार."

मी त्यांच्यासमोर बसले आणि सांगितलं, काही न वगळता. हे दुकानातून जेवायला आलेले, ते दारातच थांबले. अव्वांच्या हातावरली हुग्गी बोटांमधून मनगटाकडे ओघळायला लागली.

"म्हंजी माझ्या भुकंनं त्याचा पाय घसरला?"

"घसरला, पण आला ना अव्वा."

"आन् आता तो तिथं काय करायलाय?"

"मला नाही माहीत. पण त्यांना मी सांगितलंय की आज बारानंतर तुम्ही जेवलेल्या असाल. ते त्याच भरवशावर आहेत."

"मला न इचारता सांगितलंस?"

"हो."

"लई शहाणी झालीस बीए करून." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाज खणखणीत. "शब्द देणार ही, आन् गिळायचं मी!" आणि त्यांनी हात तोंडाकडे नेला. मनगटावरचं सुद्धा चाटून घेतलं. मग म्हणाल्या, "बघत काय बसलीस? वाढ की. एवढ्या चमचाभरानं कुणाचं पोट भरतंय?"

तार त्या दिवशी आली नाही. सहाव्या दिवशी आली नाही, सातव्या दिवशी आली नाही. आता उलटंच झालं. अव्वांना घास उतरत नव्हता आणि त्या जेवत होत्या. दोन्ही वेळा, वेळेवर. "तो तिथं माझ्या जेवणावर बसलाय," म्हणायच्या, "मी उठले तर तो उठंल." एकेक घास पाण्याच्या घोटाबरोबर खाली ढकलायच्या. मी पाठीवरून हात फिरवायची. आमचे हे दिवसातून तीनदा पोस्टात जायचे. पोस्टमास्तर म्हणाले, "ईश्वरप्पा, तुम्ही हितं खुर्ची टाकून बसा, मी आडत सांभाळतो."

दहाव्या दिवशी सकाळी हे पोस्टातून पळत आले. यांना पळताना मी लग्नानंतर पहिल्यांदा पाहिलं. तारेत या वेळी एक शब्द नव्हता, तीन होते. 'उतरलो. जेवलीस का'.

मी वाचून दाखवल्यावर अव्वांनी तो कागद हातात घेतला, उलटा का सुलटा ते त्यांना कळत नव्हतं, आणि त्या मोठ्यानं हसल्या. यांना म्हणाल्या, "जा, तार कर त्याला. म्हणावं, रोज जेवायली, आन् सून वाढायला कंटाळली."

एकतीस जुलैला दोघं उदगीर स्टेशनवर उतरले, ओठ फुटलेले, नाकाची सालं निघालेली. दुसऱ्या दिवशी भावजी लातूरला टेबलावर हजर झाले. नव्या जिल्ह्याची हद्द आखण्यात पुढचं वर्षभर त्यांना मान वर करायला सवड नव्हती. पण ती एक संध्याकाळ ते घरी होते. अव्वा, मी, हे, सगळे भोवती. भावजी भाकरीवर भाकरी खात होते, त्यामुळं सांगायचं काम व्यंकटी मास्तरांकडे.

"दुसऱ्या दिवशी वर तंबू लावला, आन् सुरू झालं. काय वारा, काय बर्फ! हाताला हात दिसंना. तिसरा दिवस तसाच. चौथा तसाच. खाली उतरायला एकच घळ, आन् त्यात नवं बर्फ भरायलेलं. हा आपला बूट घालून बसलेला. जरा वारा कमी झाला की म्हणतंय, निघू. मी म्हणतोय, मरशील. म्हणतंय, निघू. पाचव्या दिवशी सकाळी तर ह्यानं पिशवी बांधली. मी म्हणलं, वदिनानं काय सांगितलंय? बाराची वाट बघ. तवा कुठं बसला, घड्याळ हातात धरून. बारा वाजले. ह्यानं बुटाच्या नाड्या सोडल्या, बूट काढले, आन् म्हणला, 'झोप रे व्यंकटी, अव्वा जेवायली.' आन् खरंच झोपला, पोरासारखा. तीन-चार दिवसांत डोळा लागला नव्हता त्याचा. त्याच दुपारी त्या घळीतलं सगळं बर्फ कोसळून खाली गेलं. तंबू हादरला. हा उठला बी न्हाई."

 यांनी उगीच तांब्या सरकवला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, पिठाच्या निम्म्या-निम्म्या पुड्या करून राहिलो. आभाळ मोकळं झालं, तरी एक दिवस थांबलो, बर्फ बसू दिलं. आठव्या दिवशी वर गेलो. तिथं ह्यानं पहिल्यांदा अर्धा तास बसून बघितलं. पाच वर्षांत कवा बसला नव्हता. उतरलो ते दिवसाउजेडी, कट्ट्यावरून उतरावं तसं."

 अव्वांनी भावजींच्या ताटात आणखी एक भाकरी घातली आणि विचारलं, "किती वाजता झोपलास म्हणलं?"

"बाराला, अव्वा."

"बारानंतर किती?"

"बाराच. काटा बघूनच झोपलो."

अव्वा माझ्याकडे वळल्या. माझा पडलेला चेहरा पाहून त्यांना राहवेना. "मला घास घ्यायला दीड वाजला होता," त्या म्हणाल्या. "अय्याला यायला उशीर झाला."

भावजींचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी भाकरी उलटायच्या निमित्तानं तव्याकडे तोंड केलं, आणि मागून मास्तरांचं हसू फुटलं. मग यांचं. सगळ्यात शेवटी, खोकत, डोळे पुसत, भावजींचं.